अकरावा पत्ता

एकवीस पत्त्यांची जादू आमच्या घरात फक्त एका मामेभावाला यायची. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट आणि झब्बू खेळून सगळे कंटाळले की तो कॅट पिसायचा, एकवीस पत्ते मोजून घ्यायचा आणि एकेक करत तीन उभ्या ओळींत उताणे मांडायचा. आपण मनात एक पत्ता धरायचा आणि तो कुठल्या ओळीत आहे एवढंच सांगायचं. असं तीनदा झालं की तो पत्ते मोजत टाकायचा आणि अकराव्यावर थांबायचा. आपला पत्ता तोच असायचा. ‘हाताला कळतं,’ म्हणायचा. त्या हातासाठी आम्ही त्याला आमच्या वाटच्या कैऱ्या दिल्या आहेत.

पुढे केव्हातरी मी कॅट घेऊन एकटाच बसलो, तेव्हा कळलं की हाताचा काही संबंध नाही. सगळी करामत सांगितलेली ओळ दर वेळी इतर दोन ओळींच्या मधोमध ठेवण्यात आहे.

पहिल्या उत्तरानंतर एकवीसपैकी सातच पत्ते उरतात. ओळ मध्ये घातली की हे सात गठ्ठ्यात आठव्यापासून चौदाव्या जागेपर्यंत बसतात. पुन्हा वाटले की ते फुटतात: मधल्या ओळीत तीन, कडेच्या दोन ओळींत दोन-दोन. म्हणजे दुसऱ्या उत्तरानंतर फार तर तीनच संशयित. तेही मध्ये गेले की दहाव्या, अकराव्या, बाराव्या जागांवर येतात, आणि तिसऱ्यांदा वाटताना प्रत्येक ओळीत एकेकच पडतो, तोही वरून चौथा. तिसरं उत्तर यायच्या आधीच मांडणारा तिन्ही ओळींतल्या चौथ्या पत्त्यावर नजर ठेवून असतो. मग सांगितलेली ओळ मध्ये ठेवली की वरचे सात अधिक चार, अकरा. समोरच्याला वाटतं आपण काहीच सांगितलं नाही. प्रत्यक्षात त्याने तीनदा चाळणी मारून दिलेली असते.

दर उत्तराला तीन पर्याय, म्हणजे तीन उत्तरांत तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. म्हणून 27 पत्त्यांवरही हे चालतं, तिथे पत्ता चौदावा निघतो. झेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच्या पुढची गंमत मांडली: ओळ मध्येच का, कधी वर, कधी खाली ठेवली तर पत्ता हव्या त्या क्रमांकावर आणता येतो.

आकड्यांतली अशी चाळणी आपल्याच मातीतली आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे, 1905 साली डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर यांची 6174 ही संख्या. पत्त्यांवर ती फार छान खुलते. एक्का ते नव्वी हे आकडे आणि दश्शी म्हणजे शून्य असं ठरवा. मित्राला चार पत्ते ओढायला सांगा. चारही सारखे मात्र नकोत. समजा तिर्री, पंजी, दुर्री, चव्वी आली. मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करायची: 5432 वजा 2345, उरले 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, उरले 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174. आता इथून हलणं नाही, कारण 7641 वजा 1467 म्हणजे परत 6174. कुठल्याही चार पत्त्यांनी सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. चिठ्ठीवर 6174 लिहून आधीच चहाच्या बशीखाली ठेवा, आणि मित्राचा चेहरा बघा.

हे होतं कसं? चालणाऱ्या चार अंकी संख्या 9990. पण वजाबाकीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: सगळ्यात मोठा अंक आणि सगळ्यात लहान अंक यांतलं अंतर, आणि मधल्या दोन अंकांतलं अंतर. अशा जोड्या फक्त 54. म्हणजे पहिल्या वजाबाकीलाच दहा हजारांच्या गर्दीतून 54 जण आत येतात! पुढे प्रत्येकाला तपासणं एका दुपारचं काम आहे. मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि जगाला हे मास्तर ठाऊक झाले. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते त्यानंतरच कळले, हे लिहिताना बरं वाटत नाही.

व्हॉट्सॲपवर सकाळी येणारी ‘99 टक्के लोक चुकतात’ छापाची कोडी मी अशा गमतींत धरत नाही. कंसाला लागून असलेला गुणाकार आधी करायचा की भागाकार, हा लिहिण्याच्या पद्धतीचा वाद झाला. त्यात भांडणं होतात, शोध लागत नाही. जादू सांगितली की संपते, कोड्याचं मात्र ‘का’ सांगितलं की ऐकणारा स्वतःच्या घरी जाऊन ते आणखी दोघांना घालतो. मामेभावाला मी हे पुढे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘मला का ते माहीतच नव्हतं रे.’

आता एक तुमच्यासाठी. पत्ते खेळताना वीज गेली. समोर बावन्न पत्त्यांचा गठ्ठा, त्यात दहा पत्ते उताणे, बाकीचे पालथे, सगळे मिसळलेले. अंधारात बोटांना उताणा-पालथा कळत नाही, मोबाइल चार्जिंगला लावलेला. गठ्ठ्याचे दोन भाग असे करा, की दोन्हींत उताणे पत्ते सारखेच असतील. भाग मात्र समान असायला हवेत असं नाही. उत्तर इथे छापत नाही. एवढंच सांगतो, पत्ते उलटायला मनाई नाही.