आज्ञावलीचें लेखन : वेळ कोठें वांचतो ?

संगणक वेगानें काम करतो, हें आतां कोणास सांगावयास नको. परंतु त्यास आज्ञा लिहून देणाऱ्या मनुष्याचें काम लवकर कसें व्हावें, हा प्रश्न निराळा आहे. भराभर लिहील तो कार्यक्षम, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९४९ सालीं केंब्रिज येथें एडसॅक नांवाचें यंत्र सुरू झालें. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना तेव्हांच उमजून आलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार. वेळ वांचवावयाचा, तो येथें.

बीड जिल्ह्यांतील उदाहरण घेऊं. २०२० च्या खरीप हंगामांत तेथें पीकविम्याची एक विशेष पद्धत अवलंबिण्यांत आली. 'बीड पॅटर्न' या नांवानें ती पुढें प्रसिद्ध झाली. समजा, हप्त्यांपोटीं १०० रुपये जमले. भरपाई ८० रुपयांहून कमी झाली, तर कंपनीनें २० रुपये ठेवून बाकीची शिल्लक राज्य सरकारास परत द्यावयाची. भरपाई ११० रुपयांवर गेली, तर वरचा भार सरकारनें सोसावयाचा. म्हणजे भरपाई ६० झाल्यास सरकारास २० परत मिळतात. १२५ झाल्यास १५ भरावे लागतात.

हा नियम कंपनीचा हिशेब, सरकारी पत्रक आणि जिल्ह्याचा अहवाल अशा तीन ठिकाणीं लागतो, असें धरूं. उतावळा लेखक तो तीनदां लिहील. पुढें ८० चे ७५ झाले आणि दुरुस्ती दोनच जागीं झाली, तर एकाच पैशाचे दोन हिशेब निघतील. जाणता लेखक नियम एकदांच लिहितो, त्यास नांव देतो आणि लागेल तेथें त्या नांवानें बोलावतो. ही उपआज्ञावलीची युक्ति एडसॅकवरच डेव्हिड व्हीलर यांनीं रूढ केली.

दुसरी गोष्ट परीक्षेची. लिहिण्यापूर्वींच ६०, ८०, ९५, ११० व १२५ या पांच रकमांचीं उत्तरें कागदावर काढून ठेवावीं. ८० व ११० या दोन्ही सीमांवर सरकारचें देणें-घेणें शून्यच आलें पाहिजे; न आल्यास सूत्र चुकलें, असें समजावें. प्रत्येक बदलानंतर ही परीक्षा यंत्राकडूनच करवून घ्यावी. त्यास क्षणही लागत नाहीं.

कागदावरचा हा अर्धा तास वायां जात नाहीं. या आकड्यांमागें शेतकऱ्याचा हप्ता आणि जनतेचा पैसा असतो. तेथील चूक उशिरां सांपडणें हेंच सर्वांत महाग पडतें.