कोर्स फुकट, पण बुडालेल्या रोजाचं काय?

एक हिशोब करून बघा. जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात एक जण रोजंदारीवर आहे. समजा, रोज 400 रुपये मिळतात. त्याला कळतं, की शहरात मशीन चालवायचा तीन महिन्यांचा कोर्स आहे आणि फी शून्य! जाईल तो? महिन्याचे 26 रोज धरले, तरी तीन महिन्यांत त्याचे 31,200 रुपये बुडतात. बसभाडं वेगळंच. किराणा आणि खोलीभाडं काही कोर्स संपेपर्यंत थांबत नाही. मग सांगा, हा कोर्स ‘फ्री’ कसा?

कष्टकऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी देणगी येते, तेव्हा खरी गोम इथेच असते. फी भरणारे भेटतात. राहणं, जेवण आणि बुडालेला रोज सांभाळणारे कमी.

हा पैसा येतो कुठून? एक मोठी वाट म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा 2013 मधलं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. नफा 5 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा नेटवर्थ 500 कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. रोजगार मिळवून देणारं कौशल्य शिक्षण त्या यादीत आहेच. पण कंपनी जिथे काम करते, त्या भागाला प्राधान्य द्या, असंही कायदा सांगतो. आपली पंचाईत इथे होते. जळगावच्या डाळ मिल, चटईचे कारखाने बहुतेक छोटे, या नियमात न बसणारे. मोठ्या कंपन्या मुंबई-पुण्याकडे.

आणि गंमत बघा. जळगाव-धुळ्याच्या मधल्या आपल्या अमळनेरातच 1945 मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली. तीच आजची विप्रो. मार्च 2019 मध्ये अझीम प्रेमजींनी 52,750 कोटी रुपये किमतीच्या शेअर्सचा लाभ समाजकार्यासाठी दिला. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या दानांपैकी एकाचं मूळ खानदेशच्या मातीत आहे!

नुसती फी नाही, तर माणूसच सांभाळायचा म्हणजे काय, हे बघायला लांब जायची गरज नाही. जळगावातला दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग आणि अनाथ मुलामुलींची स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो, तीही राहण्या-जेवणासकट. तिथले विद्यार्थी कामगार नाहीत, पण सूत्र तेच: पोटाची काळजी मिटली, की डोकं अभ्यासात लागतं.

तुम्ही काय कराल? कॉलेजात एखादी संस्था ‘मोफत प्रशिक्षण’ घेऊन आली, तर तीन प्रश्न विचारा. शिकताना स्टायपेंड आहे का? लांबून येणाऱ्याच्या राहण्याची सोय काय? मागच्या बॅचमधल्या किती जणांना काम मिळालं आणि किती पगारावर? सर्टिफिकेट किती वाटली, हा आकडा सगळेच सांगतात. कंपन्यांना आपले मंजूर सीएसआर प्रकल्प वेबसाइटवर टाकावेच लागतात. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? धुळे-जळगावच्या नावावर त्यात काय काय आहे, ते शोधा.

आणि शेजारचा रोजंदारीवरचा दादा फुकटच्या कोर्सला गेला नाही, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याने हिशोब केलेला असतो.