जुन्या ट्रॅक्टरला रिमोट व्हॉल्व्ह : थोडक्यात

काम काय? पंपाचे तेल मागच्या अवजाराच्या सिलिंडरकडे वळवणे. पलटी नांगर व डंपिंग ट्रॉलीसाठी याची गरज पडते.

प्रकार
- सिंगल अ‍ॅक्टिंग : एकच होज. तेल सिलिंडर उचलते, खाली येतो तो वजनाने. उदा. डंपिंग ट्रॉली.
- डबल अ‍ॅक्टिंग : दोन होज. दोन्ही बाजूंनी दाब. उदा. पलटी नांगर.

ट्रॅक्टरची रचना
- ओपन सेंटर : व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत असताना तेल फिरत राहते, दाब कमी असतो. बहुतेक जुने ट्रॅक्टर याच प्रकारचे.
- क्लोज्ड सेंटर : मधल्या स्थितीत मार्ग बंद, दाब कायम. जॉन डीअरने 1960 मध्ये 3010 व 4010 मॉडेलांत आणली.
- अपवाद : फर्ग्युसन टीई-20 (1946). पंप ट्रान्समिशनच्या तेलात, नियंत्रण शोषणाच्या बाजूने. लिफ्टचा लिव्हर वर केल्यावरच तेल मिळते.

व्हॉल्व्हची तोंडे
- पंपाकडून, टाकीकडे, सिलिंडरकडे.
- लिफ्टच्या आधी जोडायचा असेल तर ‘पॉवर बियाँड’ तोंडही लागते. त्यातून उरलेले तेल लिफ्टला जाते.

जोडणीआधी तपासा
- रिलीफ व्हॉल्व्हचा दाब (1 बार = सुमारे 14.5 पीएसआय) व होजची क्षमता.
- सिलिंडर पूर्ण भरल्यावर उरणारी तेलाची पातळी.
- कपलरचा प्रकार. अर्धा इंची सर्वाधिक प्रचलित.

सुरक्षा
- काम सुरू करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढा.
- गळती पुठ्ठ्याने शोधा, हाताने नाही. बारीक छिद्रातली धार कातडीत शिरते. तसे झाल्यास तातडीने रुग्णालय गाठा.