सिरपूरचं उथळ पाणी

डिसेंबरात सकाळी इंदूरच्या राजवाड्याकडून धार रोडला लागलं, की पोहे-जिलेबीच्या गाड्यांवर नुकती कुठे वाफ चढत असते. अर्ध्या तासाच्या आत सिरपूर येतं. धुकं असलं तर तलाव आधी ऐकूच येतो. अडईची शीळ आणि उडण्यापूर्वी पाण्यावरून धावणाऱ्या वारकऱ्यांचे पाय. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेला पाणपक्षी. बदकांच्या थव्यात मिसळून पोहतो, पण तो बदक नव्हे. चोच टोकदार आणि बोटांना झालरी. नवख्यांची पहिली फसगत इथेच होते.

हा तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानानं बांधला. विस्तार १६१ हेक्टर, पण पावसाळ्यात काठोकाठ भरला तरी खोली जास्तीत जास्त दोन मीटर. २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, आणि त्याच वर्षी गंभीर नदीवरचा यशवंत सागरही. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसरची ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळवणारी देशातली पहिली दोन शहरं ठरली. शहराच्या कुशीतलं हे पाणी टिकलं त्यात पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे. इंदूरकरांनी याची जाण ठेवायला हवी.

तलाव खोल करा, मग पाणी जास्त साठेल, असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण सिरपूरची सगळी श्रीमंती त्याच्या उथळपणात आहे. तलवार बदक बघा. नराचं डोकं चॉकलेटी, मानेवरून वर गेलेली पांढरी रेघ, शेपटी सुईसारखी. खाताना तो बुडी मारत नाही. शेपूट वर, डोकं खाली असा उभा होतो आणि लांब मानेनं तळ चाचपतो. मान तळाला पोचली तरच पोट भरणार. खोल पाण्यात त्यानं करायचं काय?

माझा जीव मात्र थापट्यावर. याला हिंदीत तिदारी म्हणतात. चोच टोकाला उलथन्यासारखी रुंद, आणि तिच्या कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दाते. मागच्या हिवाळ्यात काठापासून जवळच दहा-बारा थापटे एकमेकांच्या मागे गोल फिरताना दिसले. प्रत्येकाची चोच पाण्याला टेकलेली, प्रत्येकजण पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी गाळतोय. कितीतरी वेळ ते रिंगण मोडलं नाही. नोव्हेंबरात आलेल्या नरांपैकी बरेच माद्यांसारखे मळकट असतात. जानेवारीपर्यंत डोकं हिरवंगार चकाकतं आणि कुशी तांबूस होतात. म्हणून एकदाच जाऊन भागत नाही. सारस बघायचा असेल तर मात्र यशवंत सागर गाठावा. मध्य भारतात सारसांचा तो मोठा आधार आहे.

बदकांना दुर्बीण लागते, वटवट्यांना कान. चिमणीहूनही लहान, शेवाळी-तपकिरी, एका जागी क्षणभर न थांबणारे हे पक्षी पुस्तकातल्या चित्रात सगळे सारखेच दिसतात. सिरपूरच्या काठच्या बाभळींत चिफचाफ सापडतो. फांदीवरून सरकताना तो शेपटी सारखी खाली झटकत असतो, ही त्याची खूण. हिरवट पर्ण वटवट्या उंच झाडांच्या शेंड्यांत असतो, म्हणून शहरातल्या रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांखाली मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

आणि ब्लिथचा वटवट्या तर घरीच येतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लिथ यांचं नाव त्याला मिळालंय. इंग्रजी नावात बोरू आहे, पण हिवाळ्यात हा बोरूत क्वचितच राहतो. त्याला झुडपं, बागा, परसातली पेरूची-जास्वंदीची झाडं आवडतात. वजन दहा-बारा ग्रॅम. फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या मुलखात पिलं वाढवून तो दर वर्षी भारतीय उपखंडाकडे निघतो.

आमच्या परसातल्या पेरूत तो दिवाळीआधीच येऊन बसलेला असतो. दिसत नाही. दर थोड्या वेळानं पानांतून कोरडा ‘चक्’ येतो, लहान मुलानं जीभ टाळ्याला लावून काढल्यासारखा. चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारात उभं राहायचं आणि हलत्या पानाकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या फांदीकडे बघायचं. तिथे तो बाहेर येतो. एप्रिलात, निघायच्या आधी, हाच पक्षी गाऊ लागतो आणि गाताना इतर पक्ष्यांच्या नकला करतो. मग एका सकाळी ‘चक्’ ऐकू येत नाही, आणि आम्ही पेरूला पाणी घालताना उगीचच वर बघत राहतो.