पावडरचा खटला : भाग ५
श्रीमंत कंपनीची दिवाळखोरी

मागच्या भागात आपण विज्ञानाची बाजू पाहिली. पावडर ज्यापासून करत त्या शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, खाणीत ॲस्बेस्टॉसचे तंतू का आढळतात, अंडाशयाच्या कर्करोगाशी पावडरचा संबंध काही संशोधनांत दिसतो आणि काहींत का दिसत नाही, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शंखजिऱ्याला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात का टाकले, हे सारे तिथे आले आहे. आपल्या पावडरमध्ये ॲस्बेस्टॉस नाही आणि तिच्यामुळे कर्करोग होत नाही, हे जॉन्सन अँड जॉन्सनचे म्हणणे पहिल्यापासून आजवर बदललेले नाही. आता वळू या एका वेगळ्याच लढाईकडे. हे खटले ऐकायचे कोणी, यावरून ती लढली गेली.

तिचे मूळ सेंट लुईसच्या एका निकालात आहे. जुलै २०१८ मध्ये तिथल्या ज्युरीने अंडाशयाचा कर्करोग झालेल्या २२ स्त्रियांना मिळून ४.६९ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. अपिलात ती सुमारे २.१ अब्जांवर आली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण जून २०२१ मध्ये त्या न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला आणि पैसे भरावे लागले. तोवर तसेच हजारो दावे देशभर रांगेत उभे होते.

चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, कंपनीने टेक्सास राज्याच्या कायद्यातली एक तरतूद वापरली. त्या कायद्याने एका कंपनीच्या दोन कंपन्या करता येतात आणि कोणती मालमत्ता कोणाकडे, कोणते देणे कोणाकडे, हेही स्वतःच ठरवता येते. वाटणीत एका भावाच्या नावे सगळी बागायत आणि दुसऱ्याच्या नावे सगळे कर्ज लिहावे, तसे हे झाले. पावडर विकणाऱ्या उपकंपनीचा धंदा एका नव्या कंपनीकडे गेला. पावडरचे सगळे दावे ‘एलटीएल मॅनेजमेंट’ नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या माथी आले. दोनच दिवसांत एलटीएलने नॉर्थ कॅरोलिनात दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतले वकील या युक्तीला ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणतात.

अर्ज दाखल होताच अडतीस हजारांच्या आसपास खटले जागच्या जागी थांबले. दिवाळखोरीच्या कायद्यात अशी स्थगिती आपोआप मिळते, आणि ती योग्यही आहे. बुडत्या कंपनीकडून जो आधी धावेल त्याने सगळे ओरबाडू नये, जे उरले आहे ते सर्व देणेकऱ्यांत न्यायाने वाटले जावे, असा तिचा हेतू. पण ॲस्बेस्टॉसशी जोडलेला मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग, झालेल्या माणसाला निदानानंतर बहुतेकदा वर्ष-दीड वर्षच मिळते. त्याच्यासाठी स्थगिती म्हणजे आपली साक्ष आपल्या तोंडाने देण्याची संधी जाणे. कॅलिफोर्नियातल्या २४ वर्षांच्या एका तरुणाचा खटला अपवाद म्हणून चालू दिला गेला आणि जुलै २०२३ मध्ये ज्युरीने त्याला १ कोटी ८८ लाख डॉलर दिले. इतरांनी वाट पाहिली, आणि त्यांतले काही वाट पाहता पाहता गेले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हीच गोष्ट सलते.

कंपनीच्या युक्तिवादात मात्र एक खरा मुद्दा होता आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. ज्युरीचे निकाल कमालीचे विषम होते. २०१३ मध्ये साउथ डकोटातल्या ज्युरीने कंपनीचा निष्काळजीपणा मान्य केला, पण दावा लावणाऱ्या बाईंच्या हाती एक डॉलरही दिला नाही. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने दिलेले ४१.७ कोटी डॉलर न्यायाधीशांनी दोन महिन्यांतच रद्द केले. एकीला कोट्यवधी, दुसरीला काहीच नाही, हा न्याय कसला? सर्वांसाठी एकच निधी करून प्रत्येकीला ठरलेला वाटा द्यावा, ही कल्पना मुळात वाईट नाही. पण त्यासाठी दिवाळखोरीचेच दार का?

फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने ३० जानेवारी २०२३ रोजी याचे उत्तर दिले. वाटणी करताना मूळ कंपनीने एलटीएलला लिहून दिले होते की दावे भागवायला लागतील तसे पैसे आम्ही पुरवू, आणि या हमीची मर्यादा सुमारे ६१.५ अब्ज डॉलर होती. शिवाय जॉन्सन अँड जॉन्सनची पत सर्वोच्च, ‘ट्रिपल ए’. न्यायमूर्ती थॉमस ॲम्ब्रो यांनी त्या कराराला जवळजवळ एटीएमच ठरवले. ज्याच्या हाती असे एटीएम आहे तो आर्थिक संकटात नाही, आणि जो संकटात नाही त्याला हा कायदा नाही. मला हा निकाल पूर्ण पटतो. सवलत अडचणीतल्यासाठी असते. अडचण नसताना ती घेतली, तर तिची किंमत पलीकडचा आजारी माणूस मोजतो.

कंपनी थांबली नाही. पहिला अर्ज औपचारिकरीत्या फेटाळला गेल्यावर दोन-सव्वादोन तासांत एलटीएलने दुसरा केला, सोबत ८.९ अब्ज डॉलरचा प्रस्ताव ठेवून. न्यू जर्सीचे न्यायाधीश मायकेल कॅप्लन यांनी जुलै २०२३ मध्ये तोही फेटाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘रेड रिव्हर टाल्क’ हे नवे नाव घेऊन ह्यूस्टनला तिसरा प्रयत्न झाला. या वेळी दावेदारांचे मतदान आधीच उरकले होते आणि ८३ टक्के मते योजनेच्या बाजूने पडली, असे कंपनी सांगत होती. न्यायाधीश क्रिस्तोफर लोपेझ यांनी ती मते तपासली. काही वकिलांनी अशिलांचा स्पष्ट अधिकार नसताना त्यांच्या वतीने मते दिली होती, आणि विचार करायला मिळालेला वेळही अपुरा होता. ३१ मार्च २०२५ रोजी योजना नामंजूर झाली. आपण अपील करणार नाही, खटले लढवू, असे कंपनीने जाहीर केले.

आपल्याकडच्या एका प्रकरणाशी याची गल्लत होते, म्हणून ते इथेच वेगळे करतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला होता. तो वाद नमुन्यांतल्या पीएचच्या प्रमाणाचा होता, ॲस्बेस्टॉसचा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये प्रशासनाचे आदेश रद्द केले. अमेरिकेतल्या खटल्यांचा पुरावा म्हणून हे प्रकरण कोणी सांगू लागले, तर ते चूक आहे.

तिकडे खटले पुन्हा ज्युरीसमोर आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने मेसोथेलिओमाने गेलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या कुटुंबाला ९६.६ कोटी डॉलर ठरवले आणि कंपनीने लगेच अपिलाची घोषणा केली. त्याच महिन्यात तीन हजारांहून अधिक लोकांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. इंग्लंडात अशा दाव्यांना ज्युरी नसते, निकाल न्यायाधीशच देतात. पुढील भाग त्या दाव्याबद्दल.