परिचर्या आणि कायदा : सलाईनवर लक्ष ठेवणारा नातेवाईक

रात्रपाळीला सिस्टर जी कामे दुसऱ्यावर सोपवते, त्यांतली बरीचशी मावशी किंवा कक्षसेवकाकडे जातच नाहीत. ती खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाकडे जातात. ‘सलाईन संपत आली की सांगा’, ‘मास्क सरकू देऊ नका’, ‘नळीतून दूध तुम्हीच घाला.’ अशा वेळी काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, असा प्रश्न या सदरातला मावशींवरचा भाग वाचून खुलताबादच्या एका अधिपरिचारिकेने विचारला आहे. या आठवड्यासाठी ठरलेला नोंदवहीचा विषय त्यामुळे पुढे ढकलला आहे.

प्रश्न सरळ परिस्थितीतून आलेला आहे. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचे असते आणि रात्री सिस्टर एखाददुसरीच. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी उसळलेली, त्यात अपघाताचा रुग्ण आला, त्याला घाटी रुग्णालयात हलवायची धावपळ सुरू झाली, की वॉर्डातल्या बाकीच्या सलाईन नातेवाइकांच्या भरवशावर राहतात.

मावशी रुग्णालयाची नोकर असते. तिला काय येते हे रुग्णालयाला ठाऊक असते आणि तिच्या चुकीची भरपाई मालक म्हणून रुग्णालयाच्या अंगावर येते. नातेवाइकाला ना पगार, ना प्रशिक्षण, ना कोणत्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी. कायद्याने तर तो थेट पलीकडच्या बाजूला उभा आहे. मुलासाठी सेवा घेणारे आईवडील स्वतः ग्राहक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या निकालात स्पष्ट केले. ज्याला सेवा द्यायची, त्याच्यावरच ती सोपवून रुग्णालयाची सुटका होत नाही.

दिल्लीतल्या या प्रकरणात नातेवाइकाचा हात प्रत्यक्ष होता. डिसेंबर 1993 मध्ये विषमज्वराच्या एका लहान मुलासाठी परिचारिकेने वडिलांना लॅरियॅगो, म्हणजे क्लोरोक्वीनचे इंजेक्शन आणायला सांगितले. त्यांनी आणले, तिने शिरेतून दिले आणि मुलाचे हृदय थांबले. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. परिचारिका कोणत्याही परिषदेकडे नोंदलेली नव्हती. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. औषध वडिलांनी आणून दिले म्हणून दोषाचा कणभरही भाग त्यांच्याकडे गेला नाही. हाताखालच्या माणसाला काम जमणार नाही हे माहीत असताना ते सोपवणारा वरिष्ठही निष्काळजी ठरू शकतो, हे तत्त्वही याच निकालात आहे. ते वरिष्ठ डॉक्टरांना उद्देशून सांगितलेले असले, तरी सिस्टर आणि नातेवाईक यांना लावून पाहिले तर उत्तर उघड आहे : नातेवाइकाला परिचर्या येत नाही, हे सिस्टरला आधीपासूनच माहीत असते.

जेकब मॅथ्यू निकाल (2005) सगळे उद्धृत करतात तो फौजदारी निष्काळजीपणाच्या कसोटीसाठी. त्यातल्या घटनेकडे मात्र कमी लक्ष जाते. लुधियानाच्या रुग्णालयात 1995 मध्ये श्वास अडलेल्या वृद्धाला लावलेला सिलिंडर रिकामा निघाला आणि शेजारच्या खोलीतून दुसरा आणला तो त्यांच्या मुलाने. तो चालू करण्याची सोय नव्हती. काही मोलाची मिनिटे गेली. डॉक्टरवरचा खटला न्यायालयाने रद्द केला, पण रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीचे दार उघडे ठेवले.

आता सलाईन. बाटली संपल्याचे सांगणे हे निरोपाचे काम आहे आणि निरोप कोणीही देऊ शकतो. धोका नळीवरच्या चाकीत आहे. बाटली लवकर संपावी म्हणून चाकी सैल करणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात. हृदयाच्या रुग्णाला त्याने फुप्फुसात पाणी भरून धाप लागते. प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या बाईच्या सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन असेल तर कळा बेफाम होऊन गर्भाशय फाटण्यापर्यंत मजल जाते. म्हणून थेंब मोजणे, चाकी फिरवणे, बाटली बदलणे ही कामे सोपवण्याजोगी नाहीत. राईल्स ट्यूबमधून अन्न घालणेही घरी न्यायच्या रुग्णाच्या नातेवाइकाला शिकवून, त्याच्याकडून समोर करून घेऊन मगच त्याच्या हाती द्यावे. ताकीद देऊनही कोणी चाकी फिरवली तर बचाव उभा राहतो, मात्र ताकीद दिली होती हे रुग्णालयाला दाखवावे लागते.

पैसे कोण भरणार, याचे उत्तर खुलताबादच्याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणाच्या निकालात आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै 1963 मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारने द्यावी, असे अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1996 मध्ये ठरले. सर्वांना मोफत उपचार देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर असली, तरी दिवाणी न्यायालयाचा हा रस्ता खुला आहे.

तुरुंगाचा प्रश्न मात्र सिस्टरचा एकटीचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रियेत तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरती आहे. परिचारिकेचे नाव तिथे नसते. जुन्या 304-अ कलमात दोघांना सारखीच दोन वर्षे होती. नव्या कलमातला हा भेद अन्यायाचा आहे आणि परिचारिका संघटनांनी तो लावून धरायला हवा.

तोवर सिस्टरने नातेवाइकाला एवढेच काम द्यावे : पाहा आणि हाक मारा. कशाला हात लावायचा नाही हे त्याच्या भाषेत सांगावे, आणि सांगितल्याची वेळ रुग्णाच्या कागदावर टिपावी. रात्री मनुष्यबळ कमी असेल तर ते अधिसेविकेला किंवा वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवून पोच ठेवावी. ही टिपणे न्यायालयात कितपत टिकतात, ते पुढील भागात.