सीएसआरची झाडं : कायदा काय म्हणतो?

कोणाला लागू : सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी; कंपनी कायदा 2013, कलम 135. अंमल 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये. यातली एक अट पुरी झाली तरी पुरे.

किती खर्च : मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के.

वृक्षलागवड कशात बसते : अनुसूची 7, पर्यावरण संतुलन. कृषिवनीकरणही यातच.

काय बसत नाही : कागद कारखान्याने स्वतःच्या लगद्यासाठी लावलेलं निलगिरी किंवा सुबाभूळ. तो धंद्याचा खर्च. वनजमीन वळवल्याबद्दलचं भरपाई वनीकरणही नाही; ती वेगळ्या कायद्याची सक्ती, पैसा ‘कॅम्पा’ निधीत. फलकांवर मात्र ही दोन्ही सीएसआरच्या झाडांसारखीच दिसतात!

खड्ड्यापाशी : 2 बाय 2 मीटर अंतराने हेक्टरी 2500 रोपं. पहिल्या पावसानंतर नांग्या भरणं, निंदणी, आळी, उन्हाळ्यात पाणी, गुरांपासून राखण, जाळरेषा. फोटो पहिल्या दिवसाचा; खर्च पुढच्या वर्षांचा.

मुदत : ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झाल्यास सुरुवातीचं वर्ष सोडून कमाल तीन वर्षं. त्यातली न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात जमा करावी लागते.